कडक इस्त्रीचे मोजे

सासरेबुवांनी इस्त्री उचलली, तेव्हा उजवा मोजा तिच्या बुडाला चिकटून वर आला. डावा टेबलावरच आक्रसून बाहुलीच्या पायाएवढा झाला होता.

जन्मभर लाँड्री चालवलेला माणूस. दुकान बंद झालं तरी हात बंद झाले नव्हते. हॉलमधल्या खुर्चीवर जे पडेल ते इस्त्री होऊनच उठायचं. एकदा पायपुसण्यालाही घडी पडली होती. त्या खुर्चीत फार वेळ बसू नका, असं सासूबाई पाहुण्यांना बजावत.

पण हे मोजे सूनबाईचे पळण्याचे होते आणि उद्या सकाळी तिच्या ऑफिसची शर्यत होती. मागे सुती मोजे घालून सराव केला, तर टाचेला हे एवढाले फोड आले होते. तेव्हा तिने हे पातळ मोजे आणले. स्वतः उलटे करून गार पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. लग्न होऊन आल्यापासून ती फार बोलत नसे, आणि सासरेबुवांना माया दाखवायची तर इस्त्रीपलीकडे काही येत नव्हतं. आता ती इस्त्रीच नडली.

डावा मोजा खिशात घालून ते गुपचूप दुकानात गेले. विक्रेत्या मुलीने तो तळहातावर ठेवून पाहिला.

"बाळ केवढं आहे, आजोबा?"

"सून आहे माझी. बँकेत असते."

मुलगी शहाणी होती, हसली नाही. सासरेबुवांनी सुती मोजे मागितले. उन्हाळ्यात सुतीच बरं, हे त्यांचं पक्कं मत. तिने न कंटाळता समजावलं की सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं, ओलं कापड टाचेला घासतं आणि तिथेच फोड उठतो. हे कृत्रिम धाग्याचे, पातळ विणीचे मोजे घाम बाहेर टाकतात आणि चटकन वाळतात. फक्त माप बरोबर हवं, कारण सैल मोजा चुण्या पडून टोचतो.

माप कोणाला ठाऊक? त्यांनी घरी फोन लावला. सासूबाई सुनेचा बूट उलटा करून नंबर शोधत होत्या, तेवढ्यात सूनबाई समोर. सहज बघत होते, असं म्हणून सासूबाईंनी बूट पदराने पुसायला घेतला. पण नंबर मिळाला.

नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, म्हणून घरी येताच मोजे गार पाण्यात गेले. पिळायला हात शिवशिवले, खळ द्यायला त्याहून जास्त. तरी सासरेबुवांनी दम धरला आणि सावलीत वाळवले. संध्याकाळी ते सुनेच्या दारात उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

नवे मोजे बघून सूनबाईचा चेहराच उतरला.

"बाबा, ते मोजे मीच खुर्चीवर ठेवले होते."

"मुद्दाम?"

"तुम्ही इस्त्री फिरवाल, मोजे जातील आणि पळणं टळेल, असं वाटलं. मी सगळ्यांच्या शेवटी येणार हो. अख्खं ऑफिस बघणार."

सासरेबुवांनी हातातल्या मोज्यांची घडी सारखी केली.

"आधी सांगायचंस ना, बाळ," ते म्हणाले. "बुटांनाही केली असती इस्त्री."

ती हसली, आणि हसताहसता डोळे पुसू लागली. मग ते हळूच म्हणाले, "ये शेवटी. मी थांबतो."

ती खरंच शेवटी आली. ऊन चढलं होतं, मंडप आवरायला घेतला होता. शेवटच्या वळणावर तिचा वेग पार मंदावला, तसे सासरेबुवा दोरीखालून वाकून रस्त्यात शिरले आणि शेवटच्या रेषेपर्यंत तिच्या बाजूने पळत राहिले.

घरी येऊन बघितलं, तर तिचे पाय जसेच्या तसे. फोड आला होता सासरेबुवांच्या टाचेला. पांढरे सुती मोजे, खळ दिलेले, कडक इस्त्रीचे.

सूनबाईने त्यांचा पाय स्टुलावर घेतला आणि मलम लावायला बसली. आता ती बोलायची थांबेना. सुती का नको, माप कसं घ्यायचं, सगळं त्यांना नव्याने शिकवलं. सासरेबुवा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

"कळलं का, बाबा?"

"कळलं," ते म्हणाले. "पण घडी बघ, शेवटपर्यंत मोडली नाही."