अट न बघणारी उडी

प्रगती नेहमी अटींपाशी अडते. अट कुणी बघितलीच नाही, तर प्रगती कशालाच अडत नाही. सेलूजवळच्या एका शाळेने हे यंदा नववीच्या निकालातून सिद्ध केलं.

शाळेचा जुना संगणक बंद पडला, आणि निकालाचा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालेना. तेव्हा निवृत्त गणित शिक्षक रंगनाथ सरांनी लॅपटॉपवर त्या जुन्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल उभी केली. त्यातला 'उडी'चा आदेश त्यांच्या मुलीने, शुभदाने, पुण्याहून लिहून पाठवला (जेवता जेवता). गुण पस्तीस किंवा जास्त असतील तरच 'उत्तीर्ण'वर उडी मारायची, नाहीतर पुढची ओळ. शुभदाची उडी अट न बघताच जायची.

एकशे बारा विद्यार्थ्यांपैकी एकशे तेरा उत्तीर्ण झाले. त्यात सात गैरहजर होते, दोन शाळा सोडून पालमला गेलेले, आणि एक शिपाई मुंजाजीमामा (वय सत्तावन्न, नाव चाचणीपुरतं टाकलेलं).

शनिवारी सरांचा फोन आला. "शुभे, तुझी उडी अट बघंना गं. लय धीट झालीय."

"उद्या बघते, बाबा. शाळेत काय सांगितलंत?"

"माझीच चूक हाय म्हणलो. तुझं नाव कशाला?"

ती हसून बरं म्हणाली. रविवारी पहाटे सर गेले.

शोकसभेच्या आदल्या दिवशी तिने दुरुस्ती केली. एकच ओळ होती. सभेत मुख्याध्यापक परमेश्वर सरांनी ठराव मांडला : सरांची चूक हीच सरांची स्मृती मानून ती कायम जपावी. पाटीही रंगवून आणली होती : 'कै. रंगनाथ सर यांची अजरामर चूक'. उपस्थित पालक दोनशे चार, विरोध शून्य.

"मी दुरुस्त केलंय ते," शुभदा म्हणाली.

"राहू द्या की ताई," परमेश्वर सर कळवळून म्हणाले. "लेकरं पास व्हायलेत. कुणाचं काय बिघडायलंय?"

"म्या दहावीची पुस्तकं आणलीत," मागून मुंजाजीमामा.

शुभदा पाटीकडे बघत उभी राहिली. "ही चूक बाबांची नाही. माझी आहे. त्यांनी स्वतःवर घेतली, आणि मी घेऊ दिली."

सभा दोन मिनिटं स्तब्ध राहिली (कार्यक्रमपत्रिकेत हे नंतर होतं). मग सर्वानुमते पाटीवरचं नाव बदललं. चूक तशीच ठेवली. दुरुस्त लॅपटॉप कपाटात आहे, कुलूप नवं आहे.

ठरावाखाली सह्यांना अजून जागा आहे. ज्यांच्या घरी कुणाला बत्तीस गुण पडलेत, त्यांनी आधी सही करावी, मग हसावं.