लाल पट्टा, पिवळा पट्टा आणि तीट

ठिपका पहिल्यांदा संध्याला दिसला, तो बाळाच्या गालावर. वांगणीच्या बारशाचे फोटो ती संगणकावर उघडून बसली होती. ठिपका काळा, मोहरीएवढा. तीट लावली असेल, असे म्हणून ती पुढे गेली. पुढच्या फोटोत तो बाळाच्या आजोबांच्या टकलावर होता, त्याच्या पुढच्यात पेढ्यावर, आणि त्याच्याही पुढच्यात दारात बांधलेल्या पांढऱ्या शेळीच्या कानावर.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "शेळीला कुणी तीट लावतं का?"

मिलिंद तोंड पुसत बाहेर आला आणि संगणकाचा पडदा पाहून टॉवेल तोंडावरच धरून उभा राहिला. त्याला लगेच उमगले. मागच्या आठवड्यात बदलापूरच्या एका हळदीत डीजेवाल्याने हिरवा लेझर फिरवला होता. तो थेट भिंगात शिरला, तेव्हा मिलिंद मामाच्या खांद्यावर नाचणारा नवरदेव टिपण्यात दंग होता. लेझरने कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो, हे तो धंद्यातल्या नव्या पोरांना स्वतःच सांगत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय.

"बाकीचे फोटो मी साफ करते," संध्या म्हणाली. "पण फ्रेमचं काय?"

खरी गोम तिथेच होती. अंबरनाथातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ होता आणि पाटीवर नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'त्याच दिवशी फ्रेम हातात'. मिलिंद छोटा प्रिंटर बरोबर नेई आणि पाहुण्यांची पंगत उठायच्या आत एक मोठा फोटो फ्रेममध्ये घालून यजमानांच्या हाती देई. या एका युक्तीवर त्याचा धंदा चालत होता. बारशाच्या दिवशी घाईत त्याने बाळाचा जो फोटो फ्रेम केला, तो ठिपक्यासकट वांगणीच्या ओटीवर लटकला होता, आणि येणारा-जाणारा तो पाहत होता.

"बाबांना सांगू नकोस," मिलिंद हळूच म्हणाला.

बाबा म्हणजे शिवराम. कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त. नोकरीत त्यांनी जन्मभर भिंगाखाली सुटे भाग धरून नापास केले, आणि निवृत्तीनंतर मुलाचे फोटो. हा हलला आहे, तो काळवंडला आहे, या फोटोत नवरीपेक्षा पंखाच ठळक आहे. एखादा फोटो बाबांनी साधा 'चांगला आहे' म्हणावा, एवढ्याचसाठी मिलिंद इतकी वर्षे वाट पाहत होता. ते काही त्यांच्या तोंडून निघत नव्हते.

त्यातून ठिपका म्हटला की शिवरामांचे डोके फिरायचे. स्टुडिओच्या भिंतीवर मिलिंदचा तान्हेपणीचा कृष्णधवल फोटो होता. गोबरे बाळ, आणि गालावर काळा डाग. "शंकरराव फोटोवाल्याने फिल्म खराब वापरली," ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. "मी त्याला त्याच्या दुकानात जाऊन चार लोकांत झापला. हात जोडले त्याने. काम म्हणजे काम." ही गोष्ट सुरू झाली की त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कुकर बघायला आत जात. कुकर लावलेला असो वा नसो.

ठिपका पुसलेला नवा फोटो घेऊन मिलिंद दुसऱ्याच दिवशी वांगणीला गेला. बाळाची पणजी इंदुबाई ओटीवर भाजी निवडत होती. घरात तिचा शब्द शेवटचा.

"आजी, जरा चूक झाली. ती फ्रेम बदलून देतो," मिलिंद म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

इंदुबाईने नवा फोटो हातात घेतला. मग भिंतीवरच्या जुन्याकडे पाहिले. "आरं, तीट पुसून आनलीस?"

"आजी, ती तीट नाही. कॅमेऱ्यात..."

"त्या दिवशी घरात ह्ये एवढी मान्सं. तीट लावायचं आमच्यापैकी कुनाच्या ध्यानात न्हाय राह्यलं. तुझ्या मशिनीनं लावली. ऱ्हाऊ दे तिथंच." आणि तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, म्हणजे विषय संपला.

मिलिंदने आणखी दोनदा तोंड उघडले. एकदा त्यात बिस्कीट गेले आणि एकदा चहा. नवी फ्रेम काखोटीला मारून तो परत आला. सुटलो बुवा, असे त्याला वाटले.

पण सुटला कसला. इंदुबाईच्या ओटीवर अर्धी वांगणी येऊन जात असे. आठवडा उलटायच्या आत बदलापूरहून एका बाईंचा फोन आला. "तुम्ही तीटवाले फोटो काढता ना? आमच्या छकुलीचा काढायचाय." मग आणखी एक आला. मग उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून एक जोडपे बाळासकट थेट दारात उभे राहिले. मिलिंद नाही म्हणणार होता. पण आलेल्या माणसाला पाणी द्यावे लागते, पाणी दिले की बोलावे लागते, आणि बाळ गोड होते. ठिपका बरोबर गालावर यायचा तर चेहरा चौकटीत नेमका कुठे धरावा, हे त्याला आता पाठ झाले. पूर्वी बाळ हलले की फोटो हलायचा. आता बाळ हलले की ठिपका नाकावर जायचा, आणि मिलिंद घाम पुसत पुन्हा बसायचा.

बातमी शिवरामांना कळायला चार-पाच महिने गेले, आणि तीही बागेतल्या बाकावर कळली. घरी आले ते चपला न काढता स्टुडिओत शिरले.

"दृष्ट, तीट, असलं थोतांड आपल्या घरात मी कधी शिरू दिलं नाही," ते म्हणाले. "वस्तीत उभं राहून भाषणं केली मी याच्यावर. आणि माझा मुलगा बिघडलेल्या कॅमेऱ्याने लोकांना तीट विकतो?"

"बाबा, मी विकत नाही. ते मागतात."

"मागतील. तू देऊ नको. आजच्या आज नवा कॅमेरा घ्यायचा. आणि त्या वांगणीच्या आजींना खरं काय ते सांगायचं. मी येतो बरोबर."

मिलिंदला आतून बरेच वाटले. लबाडीने कधी त्याला नीट झोप आली नव्हती. पण नवा कॅमेरा घेणे म्हणजे काही वांगी घेणे नव्हे. या पट्ट्यातल्या फोटोवाल्यांत दोन पक्ष होते. एका कंपनीच्या कॅमेऱ्याचा गळपट्टा लाल, दुसरीचा पिवळा. लग्नाच्या हॉलवर लाल आणि पिवळे एकमेकांना चहा पाजत, पण एकमेकांचे फोटो बघून नाक मुरडत. मिलिंद पहिल्यापासून लाल. त्याची सगळी भिंगे लाल. आणि संध्याचा धाकटा भाऊ आकाश कट्टर पिवळा.

"भावोजी, सेन्सर जळला हा इशारा आहे," आकाश म्हणाला. "आता तरी सुधरा. पिवळ्याचा मोठा सेन्सर बघा, अंधारात मांजर पण दिसतं."

"मला लग्नात मांजराचे फोटो काढायचे नाहीत. माणसाच्या कातडीचा रंग लालमध्येच खरा येतो."

"कातडी काय, टोमॅटो दिसतात सगळे."

असे करत शिवरामांसह तिघे उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंच्या दुकानात पोचले. हरेशभाई दोन्ही कंपन्यांचा माल ठेवीत आणि दोन्ही पक्षांचे आपले माणूस असत.

"साईं, लाल म्हंजे लाल," ते म्हणाले. "रंग देखो, एकदम लोणी."

"आणि पिवळा?" आकाशने विचारले.

"पिवळा म्हंजे पिवळा. रात में दिन दाखवतो."

"दोन्हींत चांगला कुठला?"

"जो तुम घ्याल वो."

शिवराम पुढे झाले. खिशातून त्यांनी भिंग काढले. "पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. सेन्सर मी तपासणार."

हरेशभाईंनी लालने कागद टिपला आणि मोठ्या पडद्यावर लावला. शिवराम पाच मिनिटे पडद्याला नाक लावून होते. "इथे डाग आहे. वर, डाव्या अंगाला."

पिवळा आणला. "यातही आहे. त्याच जागी."

नवे खोके फोडले. त्यातही होता. हरेशभाईंना घाम फुटला. आकाश आणि मिलिंद आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला उभे राहून आळीपाळीने पडद्याकडे पाहत होते. त्यांना काही दिसत नव्हते. शेवटी हरेशभाई नम्रपणे म्हणाले, "काका, चष्मा द्या जरा." त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत दिला. सगळे कॅमेरे पास झाले.

"चष्मा मी कालच पुसला होता," शिवराम वाटेत दोनदा म्हणाले.

निवड काही झाली नाही. तेव्हा हरेशभाईंनी जुन्या ओळखीवर दोन्ही कॅमेरे दोन दिवस वापरायला दिले. जो आवडेल तो ठेवा, दुसरा जसाच्या तसा परत आणा. आणि नेमके दुसऱ्या दिवशी वांगणीला बाळाचे, म्हणजे प्रज्वलचे, उष्टावण होते.

मिलिंदच्या गळ्यात पिवळा, आकाशच्या हातात लाल आणि शिवरामांच्या ओठांवर भाषण, अशी वरात इंदुबाईच्या ओटीवर चढली. प्रज्वल मामाच्या मांडीवर बसला होता. मामाने अंगठीने खिरीचे पहिले बोट चाटवले. मिलिंदने पिवळ्याने दहा-बारा फोटो काढले आणि म्हणाला, "आता लाल दे."

"थांबा, मोठं भिंग लावून देतो," आकाश म्हणाला. बाळाजवळ वाकून त्याने लालचे भिंग काढले. "बघा, किती कटकट. पिवळ्यात हे एका बोटाने..."

प्रज्वलला तेवढ्यात खिरीचा दुसरा घास मिळाला होता आणि तो आवडला नव्हता. त्याने गाल फुगवले आणि फुर्र केले. लालचे तोंड उघडेच होते. खीर आत गेली, थेट सेन्सरवर, शेवयांसकट.

सगळे वाकून कॅमेऱ्यात पाहू लागले. मग बाळ हसले.

आकाशने ओल्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि मग मेहुण्याकडे. हा काही आता जसाच्या तसा परत जाणार नव्हता. "भावोजी," तो खोल आवाजात म्हणाला, "लाल ठरला." पिवळ्या पक्षाच्या कट्टर कार्यकर्त्याने स्वतःच्या हाताने लालला निवडून आणले होते. मिलिंदला रडावे की हसावे कळेना. फोनवर हरेशभाई म्हणाले, "साईं, साफ तो हो जाएगा. पण वापस नहीं होगा."

या गडबडीत भाषण राहून गेले होते. शिवरामांनी घसा खाकरला. "आजी, एक सांगायचं होतं. भिंतीवरच्या फोटोतली ती तीट नाही. यंत्राचा बिघाड आहे. दृष्ट वगैरे काही नसतं. माझ्या मुलाने तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

"सांगितलं की त्यानं," इंदुबाई म्हणाली. "दारात हुबा ऱ्हाऊन सांगत व्हता, त्वांड एवढंसं करून. मीच बोलू न्हाय दिलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माज्या शेरडीच्या कानावर बी व्हता ना ठिपका. तुमच्या पोरानं बारशादिशीच सूनबाईच्या मोबाईलवर धाडला व्हता फोटू, त्यात बगितला. शेरडीला कोन तीट लावतंय?"

"मग ठेवलात कशाला तो फोटो?" शिवराम गोंधळले.

"बिघाड तर बिघाड, मास्तर. तीट म्हंजे तरी काय असतंय? चांगल्या मुखड्यावर आपल्या हातानं क्येलेला बिघाडच की. जिचं प्वार, तिला वाटतं कायतरी करावं त्याच्यासाठी. दुसरं काय हाय तिच्या हातात?" तिने त्यांच्यापुढे खिरीची वाटी सरकवली. "खावा. पोरानं टाकली म्हनून वाईट न्हाय ती."

शिवरामांकडे पुढच्या मुद्द्याची तयारी होती, पण तो कुठे बसेना. त्यांनी खीर खाल्ली.

घरी आल्यावर मात्र त्यांचा आवाज परत आला. "आपल्या हाताने केलेला बिघाड म्हणे. आपण केलं का असलं काही?" त्यांनी भिंतीवरच्या कृष्णधवल फोटोकडे बोट केले. "हा डागसुद्धा फिल्मचा होता. शंकररावला मी त्याच्या दुकानात जाऊन..."

सगळ्यांनी सवयीने सरस्वतीबाईंकडे पाहिले. पण आज त्या कुकर बघायला उठल्या नाहीत.

"फिल्मचा नव्हता," त्या म्हणाल्या.

"काय नव्हता?"

"मी लावली होती. काजळाची. तुम्ही ड्युटीवर होतात. दुकानात इतका सजवून नेला होता त्याला, इतका गोड दिसत होता, मला राहवेना. पायरीवर थांबून बोटाने लावली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्याच आठवड्यात भाषण केलं होतंत ना तुम्ही वस्तीत. पहिल्या रांगेत बसून मीच टाळ्या वाजवल्या होत्या." त्या फोटोकडे वळल्या. "तुम्ही झापत होतात तेव्हा मी मागेच उभी होते. त्या बिचाऱ्या शंकररावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तुम्हाला हात जोडले. एक शब्द बोलले नाहीत. तेवढं मनाला लागून राहिलंय बघा."

संध्याने पदराआड हसू लपवले, मिलिंदला ते जमले नाही. शिवरामांनी फोटो भिंतीवरून उतरवला. चष्मा काढला, नीट पुसला, पुन्हा घातला आणि भिंगही काढले. बराच वेळ ते त्या गालाकडे पाहत राहिले. डागाच्या कडेला बोटाची बारीक रेष उमटली होती. इतक्या वर्षांत ती त्यांना दिसली नव्हती.

"शंकरराव आहेत अजून?" त्यांनी विचारले.

"आहेत," मिलिंद म्हणाला. "मुलगा दुकान बघतो. ते सकाळी येऊन बसतात."

"उद्या चल माझ्याबरोबर. हा फोटो घे."

"कशाला, बाबा?"

शिवरामांनी फोटो हातात तोलला. नापास करायला त्यांना आता कुठलेच कारण सापडत नव्हते. "त्यांना सांगायचंय," ते म्हणाले, "की फोटो चांगला आहे."

मिलिंदने खाली पाहिले. हे शब्द बाबांच्या तोंडून ऐकायला त्याने अर्धे आयुष्य घालवले होते, आणि शेवटी ते मिळाले दुसऱ्या फोटोवाल्याला. पण निदान फोटो त्याचाच होता.