लिंबाजीमामांचा शंभर वॅटचा बल्ब

लिंबाजीमामांचा कुणावर विश्वास असेल तर तो शंभर वॅटच्या बल्बवर. मंठ्यातल्या त्यांच्या दुकानात आलेला कोणताही अँप्लिफायर ते थेट विजेवर लावत नाहीत; मधे हा बल्ब जोडतात. बल्ब भपकन पेटून लगेच मंद झाला तर यंत्र ठणठणीत. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट.

माणसांनाही तोच न्याय. भाचीसाठी स्थळ बघून आले तेव्हा म्हणाले, "पोरगा आल्या आल्या लई चमकला, मंग घडीभरानं शांत झाला. बराबर हाय, देऊन टाका." भाचीचा संसार उत्तम चाललाय आणि त्याचं श्रेय मामा बल्बला देतात. एका पुढाऱ्याचं भाषण मात्र ते अर्ध्यातून सोडून आले. "मंद व्हायलाच तयार न्हाई. शॉर्ट हाय त्यो."

मी लग्नात वाजवणाऱ्या बँड पार्टीत गिटार वाजवतो. मागच्या लग्नसराईत संध्याकाळी आष्टीला हळद होती, आणि सकाळीच माझ्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. आमच्या ढोलकीवाल्यानं त्यावर इलाज म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळली. जळका वास सुटला. मी तो डबा उचलून मामांकडे धावलो.

बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. मामा खूश.

"आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेले. जोडीनं गेले. हे एकटे जात न्हाईत."

"मामा, जल्दी करा ना. गाडी थांबलीय."

"चमकी लावताना जल्दीच केल्ती ना?"

मग त्यांनी जुनी जोडी काढली, नवी जोडी मीटरवर तपासली, तिच्याखाली पांढरी पेस्ट अशी सावकाश फासली की माझा जीव खालीवर होऊ लागला. दुपारी एकदाचा बल्ब भपकन पेटून मंद झाला. मी वायरी गुंडाळू लागलो, तर मामांनी हात धरला.

"एक गाणं वाजव. लोडवर बघितल्याबिगर माल सोडत न्हाई मी."

ही त्यांची जुनी अट. वाजवणारी मंडळी हिला मामांची फुकट मैफल म्हणतात. मामांकडून आलेल्या प्रत्येक डब्यावर पिठाचा पंजा उमटलेला असतो, त्यावरही आम्ही हसायचो. म्हणायचो, मामा भाकरी खाता खाताच काम करत असणार.

मी गिटार जोडली. मामांनी टेबलाखालचं एक बटण दाबलं. मागच्या खोलीत दिवा लुकलुकला आणि पिठाच्या हातानं मामी बाहेर आल्या. तापात त्यांचे कान गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी डब्यावर पंजा टेकवला आणि डोळे मिटले.

मी हळदीचं गाणं वाजवलं. दुसऱ्या कडव्याला मामींची बोटं डब्यावर ठेका धरू लागली, अगदी बरोबर ठेका, आणि त्या हसल्या. मामा डब्याकडे बघत नव्हते, बल्बकडेही नाही. ते मामींकडे बघत होते.

गाणं संपलं. मामींनी मान डोलावली.

"पास," मामा म्हणाले. "ने आता."

"अजून एक वाजवू का?"

"गाडी थांबलीय ना तुझी?"

"थांबू द्या."

तेव्हापासून माझा अँप्लिफायर फार वेळा बिघडतो. परवाही घेऊन गेलो. मामांनी बल्ब जोडला. तो भपकन पेटला आणि लगेच मंद झाला. मामांनी माझ्याकडे बघितलं.

"लई घोटाळा हाय आत," ते म्हणाले, आणि टेबलाखालचं बटण दाबलं.