विक्रीपश्चात संवाद आणि वीतभर वायर

वडगाव रासाईच्या सोपानरावांनी आपल्या पत्नीचं मोटरचं शिलाई मशीन मोबाईलवरच्या लिलावात विकलं, इथपर्यंत सगळं रीतसर झालं. साखरबाईंचे डोळे अधू झाले होते आणि मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. सर्वांत मोठी बोली दौंडच्या राजश्रीची लागली. तिच्याकडे शाळेच्या चाळीस गणवेशांचं काम होतं. शाळा साडेतीन आठवड्यांनी उघडणार होती, आणि वेळेत दिले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल, असं मुख्याध्यापकांनी तिला बजावलं होतं.

मशीन वेळेत पोचलं. खोक्यात मोटरची वायर मात्र नव्हती.

इथून विक्रीपश्चात संवाद सुरू झाला. राजश्रीने अ‍ॅपवर विचारलं, वायर कुठंय? नियमावलीप्रमाणे विक्रेत्याने चोवीस तासांत उत्तर देणं बंधनकारक होतं. भाषा सौजन्याचीच राहावी म्हणून अ‍ॅपने तयार उत्तरांची तीन बटणं दिली होती: आभार, दिलगिरी आणि पुन्हा या. सोपानरावांनी दोन मिनिटांत आभार मानले. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी दिलगिरी दाबली. तिसऱ्या दिवशी तिने जरा तिखट लिहिलं, तर अ‍ॅपने तिलाच सौजन्याची समज दिली. सोपानरावांनी तिला पुन्हा येण्याचं निमंत्रण धाडलं.

तिने फोन नंबर मागितला, तर सुरक्षेच्या कारणास्तव आकडे पुसले गेले. बाजारातून दुसरी वायर आणावी, तर बाहेरचा सुटा भाग लावल्यास तक्रार रद्द समजण्यात येईल, असं कलम होतं. परस्पर भेटणं तर साफ नियमबाह्य. इकडे आड, तिकडे विहीर. सोपानरावांना मात्र सलग सोळा दिवस तत्पर उत्तरं दिल्याबद्दल 'सुसंवादी विक्रेता' ही पदवी मिळाली. ती त्यांनी पारावर सगळ्यांना दाखवली. माणूस मनापासून सुखावला होता, खोटं कशाला बोला.

शाळा उघडायला पाच दिवस उरले, तेव्हा राजश्रीचा धीर सुटला. सगळं कापड कापून तयार होतं, शिवायचं तेवढं राहिलं होतं. नियम गेले खड्ड्यात म्हणत तिने पार्सलवरचा पत्ता वाचला आणि दोन एसट्या बदलून वडगाव रासाई गाठलं.

सोपानराव गोठ्यात होते. भिंतीतल्या खुंटीला आजवर विकलेल्या बैलांची नि म्हशींची दावी टांगलेली होती, आणि त्यांतच तिची वायर.

"आबा, ही माझी वायर हाय."

"व्हय, तुझीच," ते शांतपणे म्हणाले. "पर जनावर इकलं तरी दावं कुणी देतं का, पोरी? दावणीची बरकत जाती. गिऱ्हाईकानं आपलं दावं घिऊन यायचं असतं."

"मग तसं कळवायचं तरी. सोळा दिवस आभार कसले मानताय?"

"तीनच बटणं हायेत त्यात. दावं देत न्हाई, असं बटण कुठं हाय?"

राजश्रीला रडू आलं, आणि रडता रडता हसूही फुटलं. तिने चाळीस पोरांचं सांगितलं. साखरबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन नवऱ्याला असं काही सुनावलं, की त्याला उत्तर द्यायला कुठलंच बटण पुरलं नसतं. शेवटी तोड निघाली. सोपानरावांनी पिन उघडून वीतभर वायर कापली, तेवढी खुंटीला टांगली, पिन पुन्हा बसवली आणि उरलेली वायर तिच्या हातात ठेवली. चहा धरून वीस मिनिटं लागली.

परतीच्या एसटीत अ‍ॅपने तिला विचारलं, विक्रेत्याचा संवाद कसा वाटला? तारे दिल्याखेरीज ते पान काही हटेना, आणि तिला तर घरी फोन लावायचा होता. पाचही तारे दाबून ती मोकळी झाली. वायर मिळाली का, हे अ‍ॅपने विचारलंच नाही. पण परवा मिक्सर घेताना तुम्ही तरी कुठं विचारलंत? पाच तारे पाहिलेत आणि मोकळे झालात.