कोंडीभाऊंची नक्कल

कोंडीभाऊ धातूच्या कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हात लावायचे तो उलटा. एसटीच्या दाराची दांडी, पाहुण्याघरचा पितळी तांब्या, देवळातली घंटा, सगळ्यांना आधी बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग सुलटा हात. आमच्या ऑर्केस्ट्राचा साउंड ते सांभाळायचे. टेस्टर लावून झाल्यावरसुद्धा त्यांचा हात उलटाच पुढे जायचा. "सुलटा धरला आन करंट आसला, तर मूठ आवळती राव, सुटत न्हाई. उलटा आसला की झटक्यानं मागं येतो," असं ते सांगायचे.

जुन्नर-आंबेगावात आजही त्यांचं नाव काढलं की लोक हसतात. त्या हसण्याला मी जबाबदार आहे. नव्वदच्या दशकात मी त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक होतो. एरवी जुन्नरच्या बाजारात कापडाचं दुकान, जत्रांच्या आणि लग्नांच्या दिवसांत हातात माईक. दोन गाण्यांच्या मध्ये वेळ काढायला मी कोंडीभाऊंची नक्कल करायचो. आता वय झालं. त्यातलं त्यांचं किती आणि माझ्या पदरचं किती, ते वेगळं करून ठेवावं म्हणून हे लिहितो आहे.

"लग्नात कोंडीभाऊंनी नवरीला आधी टेस्टर लावला. दिवा लागला नाही, तेव्हा कुठे माळ घातली," असं मी स्टेजवरून सांगायचो. हे साफ खोटं. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या वाडीत वीजच नव्हती.

खरं होतं ते वेगळंच. कार्यक्रमाच्या गावी टेम्पोतून उतरलं की यजमान चहाचं विचारायचे. कोंडीभाऊ म्हणायचे, "च्या ऱ्हाऊ द्या. बादलीभर पानी आन खडेमीठ आना." मग स्टेजमागे खड्डा घेऊन लोखंडी सळई ठोकायची, मीठ-पाणी ओतायचं आणि अर्थिंगची वायर तिला आवळायची. "आधी अर्थिंग, मग आरती," हे त्यांचं पालुपद. एका गावी एका म्हातारीने त्या सळईला हळदकुंकू वाहायला घेतलं. कोंडीभाऊंनी तिला हात जोडले आणि म्हणाले, "माय, लांबून."

मांडवाच्या बोर्डात कुणी उघड्या वायरी आगकाडीने खोचलेल्या दिसल्या की ते काड्या उपसून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवायचे. "काडी बिडीला, पिन सॉकेटला." एकदा जत्रेच्या कमिटीतल्या एका पुढाऱ्याने हट्ट धरला की शेजारच्या गावाला ऐकू गेलं पाहिजे, त्याच अॅम्प्लिफायरवर आणखी चार कर्णे चढवा. कोंडीभाऊंनी आजारी पोराचा ताप बघावा तसा अॅम्प्लिफायरला उलटा हात लावला. "एकच बैल हाय, पाटील. त्याला किती नांगर जुपता? धापा टाकून बसंल खाली." पुढारी म्हणाला, "आमचा बैल नाही, आमची जत्रा आहे." कोंडीभाऊ म्हणाले, "मग तुमी वरडा." कर्णे काही चढले नाहीत.

भीमाशंकरच्या अंगाला एका गावात मात्र पंचाईत झाली. सगळा कातळ. सळई चार बोटंसुद्धा जाईना. दुपारी तालमीला आमची गायिका सुमन म्हणाली, "माईक ओठाला चुणचुण करतोय." कोंडीभाऊंनी मेन स्विच पाडला, वायरचं भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि ओल्या मातीत सळई ठोकायला खालच्या ओढ्याकडे चालू लागले. मंडळी जमायला लागली होती. शिट्ट्या सुरू झाल्या.

"अहो निवेदक, तुमचा माणूस गेला कुठं?" कमिटीवाले माझ्यावर आले.

"पाताळात गेलेत," मी ओरडून सांगितलं. "शेषनागाच्या शेपटीला वायर बांधून येतो म्हणालेत."

मांडव हसला. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन कोंडीभाऊ परत आले, सगळं पुन्हा तपासलं आणि माईक आधी स्वतःच्या ओठाला लावला. मग तो सुमनला देताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरीनं गायाचं का चटकं खायाचं?" पुढच्या कार्यक्रमापासून ते चिखलाचं चालणंही माझ्या नकलेत आलं.

लोकांच्या तोंडी विनोद फिरतो तसा बदलतो. 'शॉकला भिणारा' कोंडीभाऊ होता होता 'शॉक देणारा' झाला. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाने तर आमच्या मालकांना स्पष्ट सांगितलं, ऑर्केस्ट्रा पाहिजे, तो शॉकवाला नको. त्या जत्रेला दुसरा माणूस गेला. मी ऐकलं आणि गप्प बसलो, कारण नकलेला टाळ्या पडत होत्या. म्हणून इथे स्वच्छ लिहितो: सुमनची ती तालमीतली चुणचुण सोडली, तर कोंडीभाऊंनी जोडलेल्या साउंडवर माझ्या देखत कुणालाही धक्का बसला नाही.

पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. काही वर्षांनी जुन्नरच्या एका हॉटेलात चहा पिताना शेजारच्या टेबलावर एक जण 'शॉकवाल्या'ची गोष्ट रंगवून सांगत होता. सगळी वाक्यं माझी होती. चहा तसाच टाकून उठलो, कोंडीभाऊंच्या येडगावची गाडी धरली.

कोंडीभाऊ धरणाजवळच्या घराच्या ओट्यावर बसले होते. मी जे बोलायचं ते एका दमात बोलून टाकलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्या गावचं काम गेलं तवा वाईट वाटलं व्हतं. आठ दिस बोललो न्हाई तुमच्याशी. तुमच्या ध्यानात बी आलं न्हाई."

"मग मला थांबवलं का नाही? माझ्या माईकचं बटण तुमच्या हाताखाली होतं. आवाज बंद करायचा."

त्यांनी वळून घरात बघितलं आणि आवाज उतरवला. "बंद? मी वाढवायचो, अण्णा. तुमी माझं सुरू केलं की मागच्या कर्ण्याचा आवाज वाढवायचो. बाया मागं बसायच्या ना. ही बी."

ही म्हणजे हौसाबाई. त्या प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पोत बसून यायच्या. नवऱ्याच्या भाकरीसाठी येतात, असं मी धरून चाललो होतो.

"घरात दोघंच आमी. पोरबाळ न्हाई. मला बोलाया येत न्हाई, वायरीचं सांगून कोन हासनार? ती हासायची ती तिथंच. मी स्टेजच्या फटीतनं बघायचो."

इतक्यात हौसाबाई चहा घेऊन आल्या. कान गेले होते, त्यामुळे मोठ्याने बोलत होत्या. "लई दिसांनी आलं, अण्णा. ते नवरीला टेस्टर लावल्याचं सांगा की. ह्ये सांगत्यात कवा कवा, पन ह्यांना जमत न्हाई."

कोंडीभाऊ खाली बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

पुन्हा कधी ती नक्कल करायची नाही, असं मी गाडीत बसतानाच ठरवलं होतं. मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो.

"जरा मोठ्यानं," कोंडीभाऊ म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून, बायकोकडे तोंड करून बसले.