चार टर्मिनलं आणि नासीरभाई

आमच्या उरणच्या कंटेनर ऑफिसात नासीरभाई रोज सकाळी कळा तपासतात. कीबोर्डवरची एकेक कळ दाबायची, स्क्रीनवर काय उमटतं ते वहीत लिहायचं. "विचारल्याशिवाय कुठल्याच कळीला कामाला लावायचं नाय," म्हणतात.

आमचं काम टर्मिनलमध्ये चालतं, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, जिथे माऊसला कुणी विचारत नाही. चार टेबलं, चार निरनिराळे टर्मिनल प्रोग्राम. एका टेबलावर जी कळ कर्सरला शब्दभर मागे नेते, तीच दुसऱ्यावर कंस आणि आकड्यांची रांगोळी काढते. आम्ही ते सोसत होतो. नासीरभाईंनी मात्र पंधरा दिवस माझं डोकं खाल्लं, कारण सगळ्यात हट्टी टर्मिनल माझ्या टेबलावर.

सगळे शॉर्टकट त्यांना कीबोर्डच्या डाव्या बाजूला हवे होते, चारही टेबलांवर सारखे. कारण उघड होतं. आमच्या सविताताईंचा उजवा हात अपघातानंतर उचलला जात नव्हता. सोमवारी त्या परत येणार होत्या, आणि साहेबांनी बजावलं होतं, एक दिवस बघू, नाही जमलं तर दुसरं माणूस घेऊ. पण ताईंचं नाव काढलं की नासीरभाई म्हणायचे, "तिचा काय संबंध? एक कळ, एक काम. उसूल हाय."

शुक्रवारी त्यांनी नोंद जतन करायला कंट्रोल-एस ठरवलं. तीन टेबलांवर चाललं. माझ्याकडे दाबलं आणि स्क्रीन गोठली. काही केल्या हलेना. त्या भरात मी नासीरभाईंबद्दल जे मनात आलं ते मेलेल्या स्क्रीनवर बडवलं. ते आले, शांतपणे कंट्रोल-क्यू दाबलं, आणि गोठलेली स्क्रीन सुटून आत साठलेलं माझं सगळं लिखाण ओळीने उमटलं. साहेब मागेच उभे होते.

नासीरभाईंनी ते पूर्ण वाचलं. "कळा चालतायत," एवढंच म्हणाले, आणि एस ऐवजी दुसरी कळ शोधायला बसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

सोमवारी साहेबांनी सविताताईंना नेमकं माझ्याच टेबलावर बसवलं, मला शेजारच्या. डाव्या हाताने त्यांनी पहिली नोंद भरली, जतन केली. मग दुसरी. दुपारपर्यंत त्यांचा नोंदवायच्या कागदांचा ढीग माझ्या ढिगापेक्षा खाली आला होता.

नासीरभाई सकाळपासून बाहेर पाण्याच्या पिंपापाशी, आमच्याकडे पाठ करून उभे. मी चिडूनच त्यांच्याकडे गेलो. "एवढा छळ केलात, आता बघा तरी येऊन."

"चालतंय?"

"चालतंय."

"मग नाय बघत. आपण बघायला लागलो की तिचा हात बिचकंल."

मला माझीच लाज वाटली. मीही ऑफिसकडे पाठ करून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.