वाढीव हमीची मसलत

श्री. तारेत वीज असो, नळास पाणी असो, शेजार प्रसन्न असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, अक्षय्य मुहूर्त, ते दिवशी एका मुलखात, ज्याचे नाव घेण्याची बखरकारास आज्ञा नाही, नवे धुलाईयंत्र दाखल जाहले आणि त्यावरून मोठी मसलत पडली, तिची हकीकत ऐसी जे: राज्य तीन खोल्यांचे, दुसऱ्या मजल्यावरील, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, उत्तरेस गोगट्यांची भिंत, आणि लिफ्ट बहुतकरून बंद. राज्याचे धनी दिगंबरराव महाराज, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन घरी बसलेले, आणि राणी माणिकबाईसाहेब, ज्यांच्या हाती किल्ल्या, स्वयंपाकघर आणि खरे बोलावे तर अवघा कारभार. जुने धुलाईयंत्र बहुत वर्षे चाकरी करून थकले, एके दिवशी गरगर फिरून कायमचे स्वस्थ जाहले, मग चादरी पिळून पिळून बाईसाहेबांची मनगटे ठणकों लागली, आणि मुहूर्त साधून उभयतांची स्वारी रिक्षात बसून दुकानी गेली. यंत्र पसंत केले, सौदा जाहला, पैसे दिले, आणि आता उठावे तोच दुकानचा वकील, गळ्यात पट्टा, मुखी साखर, पुढे सरसावून बोलिला, "काका, कंपनीची हमी दोन वर्षांची. त्यापुढे काय? आमची वाढीव हमी घेऊन टाका, आणखी तीन वर्षं बिनघोर. काही झालं तर फक्त एक फोन!" 'काही झालं तर' हे शब्द कानी पडताच महाराजांचा चेहरा उतरला आणि हात खिशाकडे गेला. बाईसाहेबांनी तो हात वरच्यावर धरिला आणि विचारिले, "आत्ताच घ्यायला पाहिजे का?" वकील म्हणाला, "आठवडाभर मुदत आहे, काकू." "मग घरी विचार करतो," म्हणोन बाईसाहेब उठल्या आणि स्वारी माघारी फिरली.

आता महाराजांस हमीचे हे वेड पूर्वीपासून नव्हते. भर पुरात धरणाच्या भिंतीवर उभे राहून दरवाजे उघडविणारे ते गृहस्थ. परंतु गतवर्षी चैत्रमासी छातीत कळ आली, डॉक्टरांनी रक्तवाहिनीत जाळी बसविली, आणि इस्पितळातून घरी आले ते निराळेच होऊन आले. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, की रोज चालावे, जिना चढावा, भिण्याचे कारण नाही. तरी महाराज बाईसाहेबांचा हात धरिल्याविना उंबरा ओलांडीनात, आणि बसल्या जागी राज्याचा बंदोबस्त करूं लागले. पंख्यास वाढीव हमी घेतली, इस्त्रीस घेतली, मिक्सरास घेतली, टीव्हीस तर दोनदा विचारून घेतली; आणि पंखा, इस्त्री, मिक्सर यांस काही जाहले नाही, आणि टीव्हीची वायर उंदराने कुरतडली तेव्हा हमीवाल्यांनी कळविले, की उंदीर आमच्या कलमांत बसत नाही. बाईसाहेब म्हणाल्या, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! इस्त्रीला कसली हो हमी? इस्त्री बिघडली तर दुसरी येईल." परंतु त्यांस पैशाचे दुःख थोडे. दुःख ते हे, की ज्या माणसासंगे रोज संध्याकाळी नदीच्या पुलापावेतो जावे, कठड्याशी उभे राहून भाजक्या शेंगा खाव्या आणि जगाची टिंगल करावी, तो माणूस घरात असून हरवला होता. तो परत मिळावा, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि ते कोणत्याही दुकानी विकत मिळत नव्हते.

मग त्याच सायंकाळी यंत्र दारी आले, गॅलरीत बसविले गेले, आणि नव्या वस्तूपुढे नारळ फोडिल्याविना तिला हात लावूं नये हा त्या मुलखाचा कायदा, म्हणोन बाईसाहेबांनी यंत्रावर कुंकवाचे स्वस्तिक काढिले, हळद वाहिली, उदबत्ती लाविली आणि नारळ महाराजांच्या हाती दिला. नारळ वस्तूपुढे फोडावा की वस्तूवर, याविषयी कायदा मौन धरितो. महाराजांस मुहूर्त टळण्याचे भय, त्यांनी नारळ यंत्राच्या माथ्यावरच धरिला आणि बत्ता उगारिला. बाईसाहेब ओरडल्या, "अहो, खाली फोडा, खाली!" परंतु घाव बसला होता. नारळ दुभंगला, पाणी भळभळा बटणांच्या फटींत शिरले, आणि बसविणाऱ्याने यंत्राची चाचणी घेऊन प्लग तसाच ठेविला होता, त्यामुळे यंत्राचे सगळे दिवे एकदम लागले, आतून एक लांब किंकाळी आली आणि यंत्र विझले. "संपलं," म्हणोन महाराज खुर्चीत बसले आणि हात छातीवर गेला. यंत्र सोडून बाईसाहेब आधी खुर्चीशी आल्या. "कळ येतेय का?" "नाही. भीती वाटतेय," महाराज म्हणाले, आणि लगेच, "दुकानात फोन कर. ती वाढीव हमी आत्ताच घेऊन टाकू." "अहो, ती दोन वर्षांनी सुरू होणार. आणि जिथे उंदीर बसला नाही तिथे नारळ कुठून बसणार?" तेव्हा महाराजांचे वर्षभर पोटात ठेविलेले बोलणे बाहेर आले. "मला मशीनचं काय पडलंय, माणिक? माझ्यामागे एकेक वस्तू बिघडायला लागली, तर तू कोणाच्या दारात उभी राहशील? लेक तिकडे बंगळुरात. निदान एक फोन नंबर तरी तुझ्या हाताशी असावा."

हे ऐकून बाईसाहेबांस रडूं आले आणि त्याहून अधिक राग आला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो हे त्या जाणत होत्या. परंतु हा माणूस त्यांच्या वाटचे ताकही फुंकीत बसला होता. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बसा तिथेच आणि बघा," आणि मोहीम आरंभिली. प्रथम भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढिला, मग नळ बंद केला, मग जुन्या धोतराने फटी टिपल्या, आणि फोन उचलून कंपनीस लाविला. तिकडून यंत्रवाणी बोले, हे हवे तर एक दाबा, ते हवे तर दोन दाबा. बाईसाहेब न डगमगता दाबीत गेल्या, तेव्हा कोठे एक मुलगी सजीव सापडली. "काय समस्या आहे, मॅडम?" "नारळ." "नारळ मशीनमध्ये टाकला होता का?" "नाही गं बाई, मशीनवर फोडला." मुलगी हसूं दाबून म्हणाली, की दोन दिवस वारा लागू द्या, चालू करून बघू नका, माणूस पाठविते, परंतु पाणी गेलेले हमीत येत नाही, जो खर्च होईल तो द्यावा लागेल. "येऊ दे. होईल ते देऊ," बाईसाहेब बोलिल्या. मग टेबलपंखा आणिला तर त्याची वायर गॅलरीपावेतो पुरेना, तेव्हा मागे न वळता हुकूम सुटला, "अहो, खालच्या दुकानातून एक्स्टेन्शन बोर्ड आणा बघू. लवकर, नाहीतर गंज चढेल!" आणि महाराज उठले, पायी चपला सरकविल्या आणि गेले. लिफ्ट बंद होती. थोड्या वेळाने बोर्ड घेऊन, किंचित धापा टाकीत, दारी उभे राहिले आणि म्हणाले, "चांगला घेतला, लांब वायरचा." बाईसाहेबांनी एकवार त्यांच्याकडे पाहिले, एकवार जिन्याकडे पाहिले, तेव्हा महाराजांच्याही ध्यानी आले की आपण एकटेच दोन मजले उतरून चढून आलो. छातीवर हात ठेवून पाहिला, ती आपली ठोके देत होती, जैसी द्यावी तैसी. बाईसाहेबांनी हे बुद्ध्याच केले की खरोखरच वायर पुरत नव्हती, याविषयी त्या राज्यात अद्याप दोन मते आहेत.

मग दोन दिवस पंखा अखंड चालला, आणि त्याच नारळाचे खोबरे किसून बाईसाहेबांनी वड्या थापिल्या, आणि तिसरे दिवशी कंपनीचा माणूस आला, त्याने झाकण उघडिले, बटणांची पट्टी पुसून पुन्हा बसविली, आणि यंत्र गोड शीळ घालून जागे जाहले. त्याची मजुरी दिली, ती वाढीव हमीच्या किमतीपुढे किरकोळ होती, आणि वर वड्याही दिल्या, त्या खाऊन तो म्हणाला, "मावशी, पुढच्या वेळी नारळ जमिनीवर फोडा." महाराज खळखळून हसले. ते हसणे वर्षभराने ऐकिले म्हणोन बाईसाहेब स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवीत उभ्या राहिल्या.

आठवडा भरला ते दिवशी दुकानच्या वकिलाचा फोन आला. "काका, आज शेवटचा दिवस. घ्यायची ना वाढीव हमी? पुढे काही झालं तर?" महाराजांनी यंत्राकडे पाहिले, आत बाईसाहेबांच्या साड्या आणि महाराजांचे सदरे एकमेकांत गुंतून फिरत होते. मग म्हणाले, "काही झालं तर आमच्या माणिकबाई आहेत." आतून आवाज आला, "आणि तुम्ही?" महाराजांनी फोन ठेविला, खाली वाकून बुटांची नाडी बांधिली आणि म्हणाले, "मी पण आहे. चल, पुलापर्यंत जाऊन येऊ."

येणेप्रमाणे वाढीव हमीची मसलत मिटली. ज्यास घेणे असेल त्याने कलमे वाचून, उंदीर आणि नारळ त्यांत बसतात की नाही ते पाहून खुशाल घ्यावी; या राज्यात तो पैसा हमीस न देता दुरुस्तीसाठी म्हणोन एका डब्यात ठेविला. यंत्र उत्तम चालते. डब्यातून पहिला खर्च जाहला तो भाजक्या शेंगांचा.